पाण्यातलं पांढरं झाड

३ जून
जेवताना अबाहनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं — बांडुंगच्या हॉटेलसाठी जे मोठं रानाचं चित्र करायचंय, त्यातलं पाणी इमास करेल. माझा घास हातातच राहिला. मी म्हणे झाडं करायची!
आमच्या घरात ज्याचं पाणी, त्याची सही. आभाळ, डोंगर, झाडं कुणीही रंगवा, कोपऱ्यात नाव पाणी करणाऱ्याचं. वीस वर्षं ते माझं होतं. अबाह सख्खे वडील माझे, आणि उचलून पुतणीला, त्या इमासला, दिलं!
"एन्तिन, तुझं पाणी हल्ली जड होतं," म्हणाले. जड!

४ जून
तिला शिकवलं कुणी? मीच. दोन वर्षांपूर्वी काका गेले नि ही आमच्याकडे आली, तेव्हा साधा ब्रश धुता येत नव्हता हिला. कॅनव्हास उलटा टांगायचा, काठावरचं झाड पाण्यात पुन्हा काढायचं, रंगात तेल जरा जास्त, मग कोरडा ब्रश आडवा, अगदी हलका फिरवायचा — सगळं माझं! आता शेजारची विविन कुंपणावरून ओरडते, "इमासचं पाणी बघून तहान लागते गं!"
लागू दे. तिच्या दारात विहीर आहे.

७ जून
माझी झाडं झाली. चांगली झालीत. कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

९ जून
तिने पाणी सुरू केलं. मी तांदूळ निवडायचं निमित्त करून तिथेच बसले. कुठे चुकते का बघायला, दुसरं काय! चुकत नाही मेली. सावलीच्या हिरव्यात चिमूटभर तांबडा घालते. वीस वर्षांत मला ते सुचलं नाही.
दहादा विचारलं, "तेतेह, बघ ना, जमलंय का गं?" मोठी बहीण ना मी तिची! "बरं आहे," म्हटलं. आणि तांदळात मान घातली.

१२ जून, शुक्रवार
लिहायचीही लाज वाटते.
दुपारी अबाह नमाजाला गेले होते, इमास बाजारात. चित्र ओलं, उलटं टांगलेलं. मी ब्रश घेतला आणि पाण्यात पांढऱ्या खोडाचं एक झाड काढलं. काठावर तसं झाडच नाही! नेमक्या याच चुकीची अबाहना चीड. पाण्यात दिसलं ते काठावर असायलाच हवं. धाकट्या भावाने एकदा असंच केलं, तर सुरीने कॅनव्हास फाडला होता त्यांनी.
तिचाही फाडतील. मग पाणी पुन्हा माझ्याकडे.

१३ जून
इमास दिवसभर चित्रापाशीच होती. मी तिकडे फिरकलेही नाही.

१५ जून
हॉटेलवाला आला. अबाहनी चित्र सुलटं केलं. मी दुसरीकडे बघत राहिले. आता ओरडतील, आता ओरडतील...
वर बघितलं तर काठावर पांढरं झाड उभं! जिथे माझ्या झाडांमध्ये फट होती, बरोबर तिथे.
"हे झाड!" हॉटेलवाला म्हणाला. "याच्यामुळे सगळं रान जागं झालंय बघा!"
"आमच्या इमासचं डोकं," अबाह म्हणाले. हसत होते.
ते झाड माझं आहे! आधी मी काढलं! पण सांगू कुठल्या तोंडाने?

१६ जून
सकाळी इमासने बारीक ब्रश माझ्या हातात दिला. "सही तू कर, तेतेह. माझं पाणी रिकामं वाटत होतं, म्हणून तू झाड काढून खूण ठेवलीस ना? तुझा हात ओळखते मी. मी नुसतं वरचं काढलं."
मी कोपऱ्यात 'इमास' लिहिलं. मान वर करवली नाही. पाणी तिचंच चांगलं आहे.