दाराजवळची खुर्ची

कटंगी,
सोमवार, २७ ऑक्टोबर

प्रिय पवन,

पत्र पाहून घाबरू नको. बाबा चांगले आहेत. जेवतात, काठी घेऊन अंगणात फेऱ्या मारतात अन् भांडतात तर पहिल्यापेक्षा जास्त. फोन काहून नाही केला म्हणशीन, तर मी फोन उचलला का बाबा कान देऊन बसतात, अन् मेसेज केला का तू अंगठा पाठवून मोकळा होतो. या गोष्टीले अंगठा पुरणार नाही. गल्लीतला मोहित उद्या तुमसरहून तुझ्या पुण्याच्या गाडीत बसणार आहे, त्याच्याच हाती देते. तू हिंदी शाळेत शिकला, तुझं मराठी वाचणं कच्चं आहे, माहीत आहे मले. हळू वाचजो, पण पूर्ण वाचजो. ताईची शपथ.

आधी बातमी. नागपूरच्या एका दवाखान्यात मले नर्सची नोकरी लागली. पक्की. येत्या सोमवारी हजर व्हायचं आहे, राहाले तिथंच वसतिगृहात खाट भेटते. मागं गोंदियाची आली होती ती मी सोडली, तुले आठवत असन. तेव्हा आई नुकतीच गेली होती, बाबाले लकवा मारला होता, त्यांच्यानं कुशीसुद्धा बदलवत नव्हती. आता तसं नाही. आता स्वतः उठतात, आंघोळ करतात, डावा हात साथ देत नाही तरी चहा मांडतात अन् वरून मले सांगतात का तुझ्यापेक्षा चांगला झाला. शेजारची तुळसाबाई दोन्ही वेळचं जेवण पाहतो म्हणते. म्हणजे अडचण कोणतीच नाही. अन् तरी मी अडकली आहे, पवन. कशात, तर फुटबॉलात. हास, हास. मीही पहिले हासलीच होती.

तुले तर सारं ठाऊक आहे. तिरोडीच्या खाणीच्या टीमचा गोलकीपर म्हणजे आपले बाबा, अन् त्यांच्यासमोर बॅकले शालिकराम काका. टीमची जर्सी लाल. म्हणून घरी डिश लागली तेव्हा टीव्हीवर जी लाल जर्सीवाली विलायती टीम पहिले दिसली ती बाबाची झाली, अन् पूर्ण घर युनायटेडचं झालं. तिचा तो म्हातारा मॅनेजर सोडून गेला त्या दिवशी बाबानं भाजी तशीच ताटात ठेवली होती, अन् आई म्हणाली होती का माझा बाप गेला तेव्हा तर पोटभर जेवले होते. त्याच्यानंतर किती मॅनेजर आले अन् किती गेले बाप्पा! प्रत्येकाचं पहिल्या महिन्यात कौतुक, दुसऱ्या महिन्यात शिव्या. आताच्या या अमोरिमवर तर काका अन् बाबाची रोज कुस्ती. काका म्हणतात, माणसाले वेळ द्या. बाबा म्हणतात, बचावाले मागं तीनच जण ठेवणारा म्हणजे घराचं दार उघडं टाकून बाजाराले जाणारा माणूस. बॅकच्या मॅग्वायरले ते बैलबंडी म्हणत. आता लिव्हरपूलले त्यांच्याच मैदानात त्यानं डोक्यानं गोल मारून हरवलं, तर म्हणतात, बंडीच शेवटी माल घरी आणते. त्या दिवशी ते इतके खूश होते का दिवाळीचा अनारसा त्यांनी टीव्हीसमोर धरला होता. मी पण लय हासली. आपल्या घरात आईच्या मागं हासणं फुटबॉलनंच परत आणलं, हे मी नाही नाकारत.

पण आता ऐक. डॉक्टरनं बाबाले जागरण बंद केलं, म्हणून ते रात्री मॅच पाहत नाही. सकाळी तीच मॅच परत दाखवतात, ती पाहतात. नियम असा का तोवर घरात कोणी स्कोर पाहाचा नाही, सांगाचा नाही, पेपर उघडाचा नाही. अन् दुसरा नियम माझा. मागच्या वर्षी एका सकाळी मी दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, दूध उतू चाललं म्हणून उठली, तेवढ्यात युनायटेडनं गोल खाल्ला. परत येऊन बसली तर यांनी गोल फेडला. झालं! कावळा बसाले अन् फांदी मोडाले एकच गाठ, पण बाबाच्या डोक्यात ती फांदी माझ्याच खुर्चीनं मोडली. तेव्हापासून मॅच सुरू झाली का मित्रा खुर्चीवर. दूध उतू गेलं तरी चालते. लामत्याले माझ्या मैत्रिणीचं, समीक्षाचं लग्न होतं तर मी अक्षदा टाकून जेवणाच्या आधी परत आली, कारण त्या दिवशी सिटीसंगची डर्बी होती, एकाच शहराच्या दोन टीमची. एकदा मी चिडून म्हटलं का बाबा, मॅच तर कालच झाली, आता मी बसली काय अन् उठली काय. त्यांनी माझ्याकडे असं पाह्यलं का मीच बह्याड आहे. म्हणाले, आपण पाह्यली नाही तोवर ती झाली नाही.

यात माझं काय चुकलं ते आता समजलं. मी पहाटे चूल पेटवतानाच फोनवर स्कोर पाहून घेत होती. जिंकली असली का गुपचूप येऊन खुर्चीवर बसायची. पण हरली असली का माझ्यानं बसवत नव्हतं. समोर हरलेली मॅच चालू आहे, अन् आपला बाप उजव्या हाताची मूठ वळून आशेनं पाहून राह्यला, हे कसं पाहावं सांग. म्हणून त्या दिवशी मी काहीतरी काम काढून बाहेर जात होती. कोणाचं बीपी मोजाचं आहे, कोणाले इंजेक्शन द्याचं आहे. मागचं वर्ष युनायटेडचं असं गेलं का मी अर्ध्या कटंगीचं बीपी मोजलं. यंदा सिटीनं तीन गोल घातले तेव्हा मी बाहेर, ब्रेंटफर्डनं हरवलं तेव्हाही बाहेर. आता बाबाले काय दिसलं? मित्रा घरी असली का जिंकतो, बाहेर गेली का हरतो. एकदाही चुकलं नाही. मीच माझ्या हातानं माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला, अन् तोही रोज थोडा थोडा.

नागपूरचं सांगतलं तेव्हा बाबा म्हणाले, चांगलं झालं बेटा. मग थोड्या वेळानं विचारलं, मॅचच्या दिवशी तिथं सुट्टी भेटते का. लिव्हरपूलनंतर म्हणाले, आता कुठं गाडी रुळावर आली अन् तू चालली. पण नको जाऊ, असं एकदाही म्हणाले नाही. म्हटलं असतं तर मी भांडली असती. रडली असती, समजावलं असतं, तुले मध्ये घातलं असतं. पण खुर्चीशी कसं भांडावं? रात्रंदिवस मले ती खुर्चीच दिसून राह्यली. बॅग काढली, दोन साड्या ठेवल्या, परत काढून कपाटात ठेवल्या. बाबा पाहत होते.

मग काल मी एक डाव टाकला. ब्रायटनची मॅच होती, चार-दोननं जिंकलेली, मी पहाटे पाह्यलं. म्हटलं, आज बाहेर जाते. माझ्याशिवाय जिंकताना पाहू दे एकदा, म्हणजे हा खुर्चीचा किस्साच खतम. नागपूरच्या गाडीचं विचारून येते, असं सांगून मी निघाली. बाबाचा चेहरा उतरला, पण मी मागं पाह्यलं नाही. बसस्टँडवर बाकावर बसून राह्यली. तुमसरच्या बसा भरून जात होत्या अन् मले इतकं हलकं वाटत होतं का काय सांगू. मॅच संपत आली असन तेव्हा उठली अन् तुळसाबाईच्या आवारातून आपल्या मागच्या अंगणात आली. बाबा एकटेच ओरडत असतील, ते मले चोरून ऐकाचं होतं.

टीव्ही बंद होता, पवन. बाबा फोनवर होते, स्पीकर लावून, शालिकराम काकासंग. अन् गोष्ट कोणती, तर ब्रायटनच्याच मॅचची. शेवटचा गोल एंब्यूमोनं कसा मारला, कीपर कुठं उभा होता, बाबा असते तर किती पुढं आले असते. काका रात्री पूर्ण मॅच पाहतात अन् मी सकाळी नळावर गेली का बाबाले फोन करून सांगतात. रोज. म्हणजे बाबाले प्रत्येक स्कोर माझ्याइतकाच माहीत होता! काका विचारून राह्यले होते का मग टीव्ही काहून नाही लावला. बाबा म्हणाले, मित्रा आली का लावतो. अन् हासून म्हणाले का हरलेल्या दिवशी पोरगी बिचारी घरातून पळते, मले हरताना पाहाले नको म्हणून. तिले वाटते मले समजत नाही. काकानं विचारलं, तर मग हे खुर्चीचं नाटक कशाले.  बाबा म्हणाले, शालिक, जवान पोरीले थांब कोणत्या तोंडानं म्हणू? मॅच आहे, बस, एवढं तर म्हणता येते.

मी तिथंच शेवग्याखाली उभी होती. राग आला, भल्ला राग आला. वर्षभर मले बांधून ठेवलं अन् तेही खोटं खोटं! अन् रागातच रडू आलं, कारण मीही तर खोटंच बसत होती. मग डोळे पुसून पूर्ण गल्ली फिरून समोरच्या फाटकातून आली, फाटक मुद्दाम जोरानं लोटलं. बाबानं फोन उशीखाली सरकवला. म्हणाले, किती वेळ लावला, मी थांबून होतो. काकाच्या पोरानं ती मॅच रेकॉर्ड करून पाठवली म्हणे, फोन टीव्हीले जोडून दे. मी जोडून दिला अन् खुर्चीवर बसली. चारही गोलांले बाबानं मांडी ठोकली, मीही टाळ्या वाजवल्या. दोघांनाही स्कोर माहीत, अन् दोघंही माहीत नसल्यासारखे. मधातच त्यांनी माझ्याकडे पाह्यलं, मी टीव्हीकडे पाह्यलं.

आता मुद्द्याचं सांगते. येत्या रविवारी सकाळी फॉरेस्टची मॅच दाखवतील. तू शनिवारी घरी ये. सुट्टी नाही, काम आहे, गाडी भेटत नाही, हे काही मले सांगू नको. रविवारी मॅच सुरू झाली का तू त्या दाराजवळच्या खुर्चीवर बस. बाबा विचारतील, स्कोर पाह्यला का. पाह्यला असला तरी नाही म्हणजो. हरलेली असली तरी उठून जाऊ नको, माझ्यासारखं करू नको, शेवटपर्यंत बस. मी मॅच चालू असतानाच बॅग घेऊन निघणार आहे. मॅनेजर खेळाडू बदलतो तेव्हा बाहेर जाणारा आत येणाऱ्याच्या हातावर टाळी देतो ना, तशी दारात तुले टाळी देईन, दुसरं काही बोलणार नाही. अन् तू आला नाही तर बाबा मले थांब म्हणणार नाही. ते फक्त रिकाम्या खुर्चीकडे पाहतील. अन् मी बसीन, पवन. मी मले ओळखते. बॅग हातात असली तरी बसीन, अन् एकदा बसली का नोकरीचा सोमवार हातून निघून जाईल. म्हणून लिहिलं. ये.

तुझीच,
मित्राताई