संतापी बाप पाहिजे

२ फेब्रुवारी
आजपासून रागवायचं नाही. दिग्दर्शकाचं डोकं थंड हवं, असं सर म्हणतात. माझं थंडच असतं. लोक चुका करतात आणि मी त्या जरा मोठ्याने सांगतो, एवढंच.

स्क्रिप्टला सरांचा होकार मिळाला. फिल्मचं नाव ‘आवाज खाली’. एक खोली, एक टेबल, एक संतापी बाप. मुलगा दिसतच नाही, त्याच्या जागी कॅमेरा. बाप थेट कॅमेऱ्यावर ओरडतो आणि शेवटी मुलगा घर सोडून जातो. संपूर्ण कथा माझ्या आयुष्यावर आधारित. सरांनी जाता जाता आठवण करून दिली की मागच्या वर्षीची फिल्म मी अर्धवट सोडली, यंदाही सोडली तर डिग्री विसरायची. हे त्यांनी कॉरिडॉरमध्ये, ज्युनिअर पोरांसमोर सांगितलं. मी एक शब्द बोललो नाही. फक्त दार जरा जोरात लागलं.

५ फेब्रुवारी
ऑडिशन. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर मीच चिकटवलं होतं: संतापी बाप पाहिजे, वय पन्नासच्या पुढे.

आले ते सगळे नग. एक दाताचे डॉक्टर. ओरडायला सांगितलं तर तोंड इतकं उघडलं की मला आतला सगळा दवाखाना दिसला. एक विमा एजंट. ‘चालता हो माझ्या घरातून’ हे वाक्य बरं म्हणाला, पण लगेच मला विचारलं की घर सोडून जाणाऱ्या मुलाचा काही विमा वगैरे आहे का. मी त्यालाच चालता हो म्हटलं. तिथल्या तिथे, बिनतालमीचं.

शेवटी एक नाटकवाला मिळाला. तीस वर्षं रंगभूमीवर. डोळे वटारले तर समोरचा फोकस दोन पावलं मागे सरकला. (फोकस हा माझा कॅमेरामन. त्याचे सगळे फोटो धूसर येतात म्हणून हे नाव.)

बाप मिळाला. आता अडचण अशी काही उरली नाही.

९ फेब्रुवारी
नाटकवाला गेला.

चूक सर्वस्वी त्याची. राग आतून यायला हवा, हे मी त्याला समजावून सांगत होतो. नुसतं सांगून त्याच्या डोक्यात शिरेना, म्हणून स्वतः करून दाखवलं. टेबल आपटलं, खुर्ची पाडली, तीच तीच वाक्यं त्याच्या तोंडावर ओरडून दाखवली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, बॅग उचलली आणि म्हणाला की तुम्हाला माझी गरज नाही, तुम्हीच करा.

उर्मट माणूस. जुन्या लोकांना शिकायचंच नसतं. फोकस खाली बघून हसत होता. त्याचा हिशोब नंतर.

११ फेब्रुवारी
शूटिंगला आठवडासुद्धा नाही आणि बाप नाही. सकाळपासून डोकं ठणकतंय.

जेवताना एकदम सुचलं. ज्यांच्यावर स्क्रिप्ट लिहिलं तेच समोर बसलेत की. बाबांना म्हटलं, माझ्या फिल्ममध्ये बापाचं काम करा. त्यांना इतका आनंद झाला की ते भात घ्यायचे विसरले. मग भूमिका काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, तुमचीच, संतापी माणसाची.

आईला ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाली, हे कधी संतापले? मी रेडिओचा प्रसंग सांगितला. दहावीत असताना मी अभ्यास करत होतो आणि बाबांनी खाडकन रेडिओ बंद केला होता. आई म्हणाली, तुझ्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून बंद केला, आणि तरी तूच ओरडलास की लिंक तुटली. माझी धाकटी बहीण म्हणाली की या घरात ओरडणारा माणूस एकच आहे आणि त्याला कास्टिंगची गरज नाही.

या घरात माझी कोणाला किंमत नाही. मी ताटावरून उठलो. बाबा मागून विचारत होते, वाक्यं पाठ करायची असतात ना, कागद कुठे आहेत.

१४ फेब्रुवारी
तालीम. आज हात टेकले.

बाबांना रागावताच येत नाही. ‘चालता हो’ असं लिहिलंय. ते म्हणतात, चालता हो, पण स्वेटर घेऊन जा. स्वेटर स्क्रिप्टमध्ये नाही, हे तीनदा सांगितलं. त्यांचं म्हणणं, बाहेर थंडी असेल तर? ‘तू माझा मुलगाच नाहीस’ या वाक्याला ते अडखळतात आणि धाकटीकडे बघून विचारतात की हे जरा सौम्य करता येईल का. टेबल आपटायला सांगितलं तर आधी टेबलावरचे पेले उचलून बाजूला ठेवतात.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी शांतपणे म्हटलं, राहू द्या बाबा, तुमच्याच्याने नाही होणार, दुसरा कोणी बघू. (आई म्हणते, शांतपणे नाही. खालच्या मजल्यावर ऐकू आलं.)

 बाबांनी कागद नीट घडी करून खिशात ठेवले. मग आतल्या खोलीत आरशासमोर उभे राहून चालता हो, चालता हो म्हणत बसले. प्रत्येक वेळी आवाज आधीपेक्षा प्रेमळ.

दुसरा कोणी नाहीये, हा खरा प्रश्न आहे.

१६ फेब्रुवारी
शूटिंगचा पहिला दिवस. लोकेशन आमचीच बैठकीची खोली.

सकाळीच अडचण. कॅमेऱ्यावरचा छोटा लाल दिवा लागला की बाबा त्याच्याकडे टक लावून बघतात. मी तडक त्यावर काळी चिकटपट्टी मारली. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर कडेला आकडे आणि खुणा दिसतात, त्यांनी माझी फ्रेम बिघडते. तेही बंद करायला लावले. फोकस म्हणाला की मग रेकॉर्डिंग चालू आहे की नाही हे कळणार कसं. मी म्हटलं, मला कळेल. त्याच्या हातून रिमोट काढून घेतला. ॲक्शन मी म्हणणार, बटण मी दाबणार, कट मी म्हणणार, पुन्हा बटण मी दाबणार. जबाबदारी एकाच डोक्यावर असली की घोळ होत नाही. आणि माझा नियम: कॅमेरा चालू केला की आधी रिमोटचं बटण एकदा दाबून बघायचं, मगच काम सुरू. यंत्र जागं होतं.

फोकसने विचारलं, एक टेक घेऊन बघायचा का काय आलंय ते? अजिबात नाही. शूटिंग संपेपर्यंत काहीही बघायचं नाही. त्याने नजर बिघडते.

धाकटी माइकचा दांडा धरून उभी होती. दांडा फ्रेममध्ये येत होता. मी सांगितलं. परत आला. परत सांगितलं. टेक होतो मिनिटाचा आणि त्यानंतर मला आत जाऊन बाबांना समजवावं लागतं वीस मिनिटं. फ्रेमच्या मधोमध उभं राहून घसा कोरडा पडला. बाबांनी मला पाणी दिलं. मी म्हटलं, पाणी नको, राग द्या.

१७ फेब्रुवारी
बाबा केस कापून आले.

हे वाक्य मी दोनदा अधोरेखित केलंय. काल केस कानावर, आज कान उघडे. एकाच जेवणाच्या सीनमध्ये माणूस वाक्याच्या मध्यावर न्हाव्याकडे जाऊन आला. म्हणे, फिल्ममध्ये दिसणार म्हणून नीटनेटकं व्हावं असं वाटलं. न्हाव्यालाही सांगून आले की मुलगा दिग्दर्शक आहे.

मी किती ओरडलो, सांगता येत नाही. अंगाचा तिळपापड झाला होता. मग टोपी घालून शूट केलं. संतापी बाप घरात टोपी घालून जेवतोय. त्याला आता काहीतरी अर्थ लावावा लागेल.

फोकस दुपारी म्हणाला की कार्ड फार लवकर भरतंय, आपण तर छोटे छोटे टेक घेतोय. मी म्हटलं, तू गणित शिकवू नकोस. दुसरं कार्ड टाक.

१८ फेब्रुवारी
शेवटचा दिवस. खालच्या मजल्यावर सुताराने नेमकं आजच ड्रिल चालू केलं. बाबा म्हणाले, मी जाऊन विनंती करतो. विनंती. तोपर्यंत मी खिडकीतून बोलून मोकळा झालो होतो. सुतारानेही उत्तर दिलं. ते इथे लिहीत नाही.

बॅटरी संपत आली. नवी आणायला मी फोकसच्या गाडीपर्यंत गेलो आणि परत येऊन बघतो तर सगळे आरामात गप्पा मारतायत. धाकटीने दांडा भिंतीला टेकवून ठेवलेला. मग मी तिला बोललो. जरा जास्तच असेल. तिचे डोळे भरून आले आणि तरी ती दांडा उचलून जागेवर उभी राहिली. नाटकं.

त्यानंतर शेवटचा टेक. ॲक्शन म्हटलं, बटण दाबलं. बाबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. ओरडले नाहीत. कॅमेऱ्याकडे न बघता, शेजारी उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाले, आवाज खाली. या घरात एवढा आवाज चालणार नाही.

  असा राग मी आयुष्यात पाहिला नव्हता. कट म्हणायचंही विसरलो, नुसतं बटण दाबलं. मग बाबांना म्हटलं, हेच, हेच तर मी तीन दिवस सांगत होतो. बाबा धाकटीला घेऊन आत गेले.

माझ्या दिग्दर्शनाचा विजय. या एका टेकवर फिल्म तरून जाईल.

२१ फेब्रुवारी
एडिटिंग रूम.

टेक नाहीत.

एकही नाही. मी ॲक्शन म्हणतो आणि चित्र तुटतं. कट म्हणतो आणि चित्र सुरू होतं. रोज सकाळी, आणि कार्ड किंवा बॅटरी बदलल्यावरही, मी यंत्र जागं करायला जे बटण दाबत होतो त्याने रेकॉर्डिंग सुरू होत होतं. मग ॲक्शनला बंद. कटला पुन्हा चालू. तीन दिवसांचं सगळं उलटं. बाबांचा शेवटचा टेक गेला. तो परत येणार नाही.

आहे ते काय? मी. टेबलासमोर मी, खुर्ची पाडणारा मी, टोपीवर ओरडणारा मी, खिडकीतून सुताराला शिव्या घालणारा मी. तासन्‌तास.

फोकसला फोन करून झापलं. चिकटपट्टी त्याच्याच बॅगेत होती. कंपनीने असे रिमोट बनवावेतच का? एकाच बटणाने चालू आणि बंद. कोणाच्याही डोक्याचा बट्ट्याबोळ होईल.

२२ फेब्रुवारी
सरांनी सगळ्या वर्गासमोर फुटेज लावायला सांगितलं. मी म्हटलं, तांत्रिक बिघाड आहे. ते म्हणाले, लाव.

लोक हसले. आधी दबून, मग उघड. सर चष्मा काढून डोळे पुसत होते. मला उठून प्रोजेक्टरची वायर उपटायची होती.

मग तो तुकडा आला. मी बॅटरी आणायला निघालोय, नवी येईपर्यंत जुनी थोडी चालतेय. खोलीत मी नाही. फोकस बाबांना विचारतो, काका, तुम्हाला याचा राग कसा येत नाही? बाबा टोपी झटकत म्हणतात, तो घाबरलाय रे. मागच्या वर्षी राहिलं ना, या वर्षीही राहील म्हणून घाबरलाय. लहानपणीही अंधाराला घाबरला की ओरडायचा. मग दाराकडे बघून म्हणतात, आला आला. आणि चित्र तुटतं.

वर्ग गप्प झाला. ते हसणं परवडलं असतं.

सर म्हणाले, ही तुझी फिल्म. हेच कापून जोडून दे, पास करतो. संतापी माणूस छान निवडलास. मी सांगितलं की निवड मुद्दाम केली होती. फक्त सुरुवातीला एक शॉट हवा, म्हणाले. तो माणूस टेबलाशी एकटा बसून कॅमेऱ्यावर ओरडतो, एवढाच.

सोपं आहे. उद्याच उरकतो.

२५ फेब्रुवारी
तिसरा दिवस. येत नाहीये.

मी बाबांच्या खुर्चीत बसतो. समोर फोकस. धाकटी दांडा घेऊन, आणि आज दांडा एकदाही फ्रेममध्ये नाही. कॅमेऱ्याशेजारी बाबा, त्यांच्या हातात रिमोट. लाल दिव्यावरची पट्टी काढलेली. माझं लक्ष सारखं तिकडेच जातं. बाबा ॲक्शन म्हणतात आणि माझा राग जातो कुठे कळत नाही. तोंडातून निघतं ते शाळेतल्या कवितेसारखं निघतं. गेले तीन आठवडे जो राग घर डोक्यावर घेत होता तो आज बोलावून येईना. माझी मलाच लाज वाटायला लागली.

बाबा प्रत्येक वेळी म्हणतात, असू दे, होतं असं. पहिल्यांदाच करतोयस. आईने दारातून बघितलं आणि तोंडाला पदर लावून आत गेली.

शेवटी बाबा चष्मा काढत म्हणाले, राहू दे बाळा, तुझ्याच्याने नाही होणार, दुसरा कोणी बघू.

दुसरा कोणी? मी ताडकन उठलो. खुर्ची पडली. दुसरा कोण करणार हे काम, ओरडलो, तीन आठवडे मी मरमर मरतोय, हा रोल माझा आहे, माझ्याशिवाय या घरात कोणाला रागावता तरी येतं का. टेबल आपटलं. पेला फुटला. बाबांनी तो आज बाजूला ठेवला नव्हता.

मी गप्प झालो तेव्हा लाल दिवा अजून चालूच होता.

बाबांनी दिव्याकडे नीट बघून घेतलं, मग बटण दाबलं आणि म्हणाले, आलं.

फोकस कॅमेऱ्यामागे वाकून हसू दाबत होता. धाकटीने दांडा खाली ठेवला आणि काचा गोळा करायला बसली. थोड्या वेळाने मीही बसलो. बाबांनी रिमोट माझ्या हातात दिला, माझी कॉलर सरळ केली आणि विचारलं की जेवायला वाढायला सांगू का.

सरांना कळवायला हवं की बाबांना दिग्दर्शन मीच शिकवलं.