दुसरा कंपायलर घेऊ देण्याबाबत, दाराखालून सादर

प्रति,
मा. भांडार पडताळणी अधिकारी,
भांडार कक्ष (आतील बाजू),
दुसरा मजला, मुख्य कार्यालय.

विषय : कार्यालयात कंपायलरचा दुसरा नग काही वेळापुरता उतरवून घेण्यास पूर्वपरवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपला आदेश, "कंपायलर : नग एक, कायम."
२) आपण सकाळपासून आतून दारावर मारीत असलेल्या थापा.

महोदय,

अर्जदार या कार्यालयात प्रोग्रॅमर असून भांडार कक्षाच्या स्वयंचलित दाराचा प्रोग्रॅम त्याच्याच हातचा आहे. आपण त्याच दाराच्या आत अडकला आहात. एरवी अर्जदाराचे अर्ज वाचायला आपल्याला सवड नसते. आज ती आहे असे गृहीत धरून सर्व हकिगत सविस्तर मांडीत आहे.

१. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला उमजेल अशा रूपात उतरवून देणारे साधन. आपल्याकडचा कंपायलर देशोदेशीच्या हौशी मंडळींनी मिळून बनवला आहे. तो कोणीही फुकट घ्यावा, उघडून पाहावा, दुसऱ्याला द्यावा, अशी त्यांनी सर्वांना मुभा ठेवली आहे. अर्जदाराने तो शेजारच्या टेबलावरील बाईंना दिला, आणि इथून साऱ्या कामाला ग्रहण लागले. "एक नग दिला असता देणाऱ्याकडचा नग कमी का झाला नाही," असा लेखी खुलासा आपण मागविलात. दिला तरी तो देणाऱ्याकडे उरतोच, असे अर्जदाराने कळविले. आपण तो खुलासा उडवाउडवीचा ठरविलात. तुटीइतकीच वाढही गंभीर असते, हेही त्याच कागदावर सुनावलेत.

२. त्यानंतर आपण कंपायलरच्या उत्पत्तीचा दाखला मागितलात. हा कंपायलर कोणी तयार केला, तर त्याच्याच आधीच्या आवृत्तीने. तिला कोणी, तर तिच्या आधीच्या आवृत्तीने. अर्जदाराने ही वंशावळ जमेल तितकी मागे नेली आणि सादर केली. आपण तीवर "स्वतःच स्वतःचा बाप असलेला नग माझ्या भांडारात चालणार नाही" असा शेरा मारलात, सर्व टेबलांवरचे कंपायलर पुसायला लावलेत, आणि एक कंपायलर त्याच्या यंत्रासकट भांडारातल्या लोखंडी कपाटात ठेवून कपाटाला लाखेचे सील केलेत. अर्जदाराने त्या दिवशी कपाळाला हात लावला, तो अद्याप काढलेला नाही.

३. आता दाराविषयी. सुट्टीच्या दिवशी हे दार एकदा मिटले की पुढचा कामाचा दिवस उजाडेपर्यंत आतून वा बाहेरून उघडत नाही. सुट्ट्यांची यादी प्रोग्रॅमच्या पोटात आहे. आजची सुट्टी काल संध्याकाळच्या परिपत्रकाने रद्द झाली. ही गोष्ट सर्व कर्मचाऱ्यांना कळली, दाराला कळली नाही. त्याला कळवायचे तर यादी बदलून प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करावा लागतो, आणि कंपायलर सीलबंद आहे. म्हणून अर्जदाराने काल जाताना दार मिटू नये यासाठी मधे स्टूल लावले व वर "स्टूल हलवू नये" अशी चिठ्ठी चिकटवली. सकाळी आपण कंपायलर जागेवर आहे ना हे पाहायला आत गेलात. ते स्टूल हिशेब विभागाचे आहे हे आपल्या नजरेने बरोबर टिपले, आणि आपण ते पायाने बाहेर सरकवलेत. चिठ्ठी आपण वाचली होती, असे शिपाई सांगतो.

उद्या साप्ताहिक सुट्टी आहे. म्हणजे दार परवा उघडेल.

४. अन्य उपाय करून झाले. सुतार करवत घेऊन आला, त्याला आपण आतूनच परत पाठवलेत, कारण "दार, नग एक, सुस्थितीत" ही नोंद आपण नुकतीच केली आहे. वीज तोडावी असे शिपाई म्हणाला. परंतु वीज गेल्यास हे दार अधिक घट्ट बसते, आणि ही तजवीज आपल्याच आग्रहावरून केलेली आहे. अखेर अर्जदाराने हात जोडून सुचविले की कपाटाचे सील आपणच तोडावे, यंत्र बाहेर काढावे व अर्जदार फटीतून सरकवेल त्या कागदावरून दुरुस्ती टाइप करावी. त्यावर आपण म्हणालात, "सील तोडायला दोन साक्षीदार लागतात. घेऊन ये." साक्षीदार तत्काळ हजर करण्यात आले. एक शिपाई आणि एक तोच सुतार. दोघेही साक्ष द्यायला एका पायावर तयार आहेत, फक्त ते दाराच्या या बाजूला आहेत.

५. सबब एकच मार्ग उरतो. अर्जदाराने स्वतःच्या टेबलावरच्या यंत्रावर नवा कंपायलर उतरवून घ्यावा, दुरुस्त प्रोग्रॅम दाराकडे पाठवावा, आणि काम होताच तो नग आपल्या डोळ्यांदेखत पुसून टाकावा. चहा निवेल एवढ्या वेळाचे हे काम आहे. हे तोंडी विचारले असता आपण "म्हणजे मधल्या वेळात नग दोन होणार" असे म्हणालात. अर्जदाराने बराच वेळ दाराला कान लावला. आत काहीतरी मोजणे चालू होते.

६. आणखी एक बाब कार्यालयीन पत्रव्यवहारात बसत नाही, तरी नाइलाजाने लिहीत आहे. आज शाळेत एका लहान मुलीचे नाटक आहे. ती त्यात कासव आहे. सदर मुलगी अर्जदाराची कन्या असून ती आपली कोण लागते हे आपणांस विदित आहेच. आजोबा पुढच्या रांगेत दिसल्याशिवाय मी कवचातून डोके बाहेर काढणार नाही, असे तिने शिक्षिकेला स्पष्ट सांगितले आहे. तिच्या आईचा, म्हणजे आपल्या मुलीचा, फोन आला होता. तिचा निरोप जसाच्या तसा : "बाबांना म्हणावं, जन्मभर मोजत बसा, पण आज या." निरोप कळविल्यावर आपण फटीतून एक चिठ्ठी सरकवलीत : "तिला सांगा, आजोबांना काम निघालं." अक्षर नेहमीसारखे सरळ नव्हते. ती वाचून अर्जदाराला फार वाईट वाटले. इतकी वर्षे आपण सासरे आहात, पण आपला राग येण्याऐवजी वाईट वाटण्याची ही पहिलीच खेप.

७. हे लिहिता लिहिता अर्जदाराने दुसरा नग उतरवून घेतला आहे. प्रोग्रॅम पहिल्याच खेपेला विनातक्रार कंपाइल झाला. असे सहसा होत नाही, तेव्हा तो देशोदेशीच्या मंडळींचा आशीर्वाद समजावा. विषयातील "पूर्वपरवानगी मिळणेबाबत" या शब्दांऐवजी "कार्योत्तर मंजुरी मिळणेबाबत" असे वाचावे. शिस्तभंगाची कारवाई परवापासून खुशाल सुरू करावी. अर्जदार पळून जाणाऱ्यांतला नाही. उद्या दुपारी तो आपल्याच घरी जेवायला आहे. तूर्त बाहेर येताना काहीही मोजू नये, स्टुलाकडे पाहू नये. आपली मुलगी खाली गाडी सुरू ठेवून बसली आहे.

बाबा, दार उघडलंय. चला.

आपला आज्ञाभंग केलेला,
अर्जदार
(सही घाईत राहिली आहे)

दिनांक : आजचाच