लाइन न तोडता

३ ऑगस्ट २००६, गुरुवार

आजपासून निश्चय. कॅफेतली कुठलीही सेटिंग बदलायची, पण नेट बंद न करता. शिरूरमधले बाकीचे कॅफेवाले जरा खुट्ट झालं की सगळी मशिनं रीस्टार्ट मारतात. मी मासिकात वाचलंय, नेटवर्क कार्डाची सेटिंग चालू लाइनवर बदलता येते. हात स्थिर पाहिजे. माझा आहे.

४ ऑगस्ट, शुक्रवार

दुपारी कवठे येमाईहून इब्राहिमचाचा आले, सून मेहरुनसोबत. चाचा विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतात. मुलगा अजीम त्यांच्याच हाताखाली शिकला आणि भांडून कुवेतला गेला. दोन वर्षं बापलेकांत बोलणं नाही. आता चाचांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलंय, म्हणून मेहरुननं कॅमेऱ्यावर भेट जमवली.

कॅबिनमध्ये चाचा गप्प. पडद्यावर अजीम गप्प. चाचांचा श्वास मात्र माझ्या काउंटरपर्यंत ऐकू येत होता.

त्याच वेळी मी मेन मशिनवर डीएनएस बदलला. लाइन टिकली. कुणाला पत्ता नाही.

८ ऑगस्ट, मंगळवार

मेन मशिनचा आयपी नंबर बदलला. सगळी गिऱ्हाइकं एकदम बाहेर फेकली गेली. कारण उघड आहे : पाऊस. करिश्मा म्हणाली, चालतंय तर हात कशाला लावता. बायकोला टेक्निकल गोष्टी समजावण्यात अर्थ नाही.

११ ऑगस्ट, शुक्रवार

चाचा पायरीवर बसून मग वर आले. ओठ काळेनिळे. आज थोडं बोलले : तिकडं ऊन किती, जेवण कोण करतं. चित्र अडखळत होतं, ते मला खटकलं. स्पीड वाढवलाच पाहिजे.

जाताना चाचांनी विचारलं, "भारत, म्या बोलतो ते त्याला समदं ऐकू जातं न्हवं?"

म्हटलं, गॅरंटी माझी.

१६ ऑगस्ट, बुधवार

कंपनीच्या इंजिनिअरला फोन केला. म्हणाला, कार्डाचा स्पीड बदलला की लाइन क्षणभर पडणारच, गिऱ्हाईक नसताना करा. सूर आवडला नाही. क्षणभर म्हणजे पापणी लवते तेवढा वेळ. आणि कॉल चालू असताना केलं तरच खरी टेस्ट. शुक्रवारी करतो.

१८ ऑगस्ट, शुक्रवार

सोमवारी ऑपरेशन. आज चाचांनी मेहरुनला बाहेर बसायला सांगितलं. अजीमला म्हणाले, तुला एक सांगायचंय. मग बराच वेळ दम खात राहिले. मला वाटलं, हीच वेळ. कार्डाचा स्पीड बदलून ओके दाबलं.

मोडेमवरचा हिरवा दिवा गेला. आला नाही.

कॅबिनमध्ये डोकावलो. पडद्यावर अजीमचा चेहरा जागच्या जागी थिजलेला, तोंड अर्धवट उघडं. चाचा त्या चित्राशी बोलत होते.

"अजीम, तुझा हात माझ्यापेक्षा साफ हाय. तू भरलेली मोटर कवा परत आली न्हाई. म्या कुणाम्होरं बोललो न्हाई, तुझ्याम्होरं बी न्हाई. चूक माझी हाय. परत ये."

असं बोलणाऱ्या माणसाला मधे थांबवणं बरं दिसलं नसतं. त्यांनी हेडफोन काढला आणि बाहेर येऊन मेहरुनला म्हणाले, बोललो समदं. चेहरा हलका झाला होता. म्हणजे काम झालंच की.

ते गेल्यावर लाइन आली. अजीमचा मेसेज पडला होता : अब्बा कॉल तोडून उठून गेले का?

टाइप करून काय सांगणार. उद्या कवठ्याला जाऊन चाचांनाच सांगतो. सोमवारच्या आत पुन्हा कॉल लावून देता येईल.

१९ ऑगस्ट, शनिवार

करिश्माला दौंडला माहेरी सोडायचं होतं. कवठं उलट्या दिशेला. उद्या नक्की.

२० ऑगस्ट, रविवार

पाऊस. शिवाय ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला असलं काही सांगू नये, हे कुणीही डॉक्टर सांगेल. शुद्धीवर आले की सांगू.

२२ ऑगस्ट, मंगळवार

इब्राहिमचाचा काल टेबलावरच गेले. पोपट दूधवाल्यानं सांगितलं. माती कवठ्यातच. अजीम पोचला नाही.

मी गेलो नाही. कॅफे कुणावर सोडणार.

३० ऑगस्ट, बुधवार

अजीम आला. खुर्चीत बसलाच नाही. म्हणाला, मेहरुन सांगते अब्बा समदं बोलले. माझ्यापाशी तर ते न बोलता उठून गेले.

मी सांगितलं. शब्द न् शब्द, हात साफ, मोटर परत येत नाही, सगळं. लाइन कंपनीची गेली, म्हटलं, त्यांना कळलंच नाही.

त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "भारतशेठ, तुम्ही माझ्या समाधानासाठी बोलताय. अब्बांनी माझ्या कामाला कवाच चांगलं म्हटलं न्हाई. त्ये उठून गेले, मला म्हाईत हाय."

मी देवाची शपथ घेतली. त्यानं मान डोलावली, लहान पोराला डोलावतात तशी. मग म्हणाला, आलोच आहे तर कुवेतला परतीचं तिकीट कन्फर्म झालं का बघा.

साइट लगेच उघडली. झालं होतं. शनिवारचं.