माय, मी डाळ खायला लागले

प्रिय माय,

काल आखाजी, अक्षय तृतीया झाली. गावाकडे दादाने तुझ्या नावाने घागर भरली असेल, आगारी टाकली असेल. पुरणपोळीचा नि आमरसाचा घास विस्तवावर ठेवून हात जोडले असतील. लेकीला कुठे आगारी टाकता येते? लेकीने नुसती आठवण काढायची. म्हणून चिमीच्या वहीची मधली पानं काढली आणि लिहायला बसले. चौथी शिकलेली मी. चुकलं तर हसू नको.

खरं सांगू? आठ दिवस झाले, मी कुणाशी धड बोललेले नाही. हे सकाळी सातला कारखान्यात जातात. दिवसभर मागाचा खडखडाट ऐकून येतात, मग घरी मी काही बोलले तरी नुसतं "हं" म्हणतात. चिमी बोलते, पण पाच वर्षांच्या पोरीला मी काय सांगू? आणि आत्याबाई येत नाहीत. त्यांचं नि माझं भांडण झालं, माय. तुझ्यावरून झालं.

पण आधी तुला माहीत नाही ते सांगते. तुला झालं होतं तेच मला झालं.

तू गेलीस त्याच्या पुढच्या दिवाळीनंतर अंघोळ करताना हाताला लागलं. तुझी गाठ मी पाहिली होती, म्हणून ओळखायला वेळ नाही लागला. न्हाणीत तशीच बसून राहिले. बाहेरून चिमी दार वाजवत होती, "मम्मी, शुं करे छे?" आता अर्धं गुजरातीतच बोलते ही. मी म्हटलं, काही नाही गं, साबण पडला.

इथल्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन केलं. डावी बाजू काढली. ब्लाउजमध्ये जुन्या लुगड्याची घडी ठेवते आता. तुझ्याच लुगड्याची. हे तिकडे बघत नाहीत. बघितलं तरी मला नको वाटतं, आणि नाही बघितलं तरी वाईट वाटतं. असं का होतं गं? तुझंही असंच व्हायचं का? मी कधी विचारलंच नाही तुला.

शेजारपाजारचं विचारू नको. पूर्वी कुणाची ना कुणाची वाटी यायची, शेवेची भाजी नाहीतर कढी. आपणही परत करताना काही घालून द्यायचो. आता वाट्या बंद झाल्या. समोरची म्हणे कुणाला, "तिच्या हातचं नको, लेकराबाळांचं घर आहे." दवाखान्यात सांगतात हा रोग खाण्यातून लागत नाही. पण ते गल्लीला कोण सांगणार?

एकट्या आत्याबाई तेवढ्या यायच्या. तुला आठवतात ना, यांच्या वडलांची बहीण, मागच्या गल्लीत राहतात, गळ्यात माळ, कमरेला चुन्याची डबी? आमच्या अख्ख्या गोडादऱ्याच्या वस्तीत बाळंतीण असो की हात मोडलेला असो, पथ्य विचारायचं ते त्यांनाच. माझ्या टाक्यांवरही त्यांचंच पथ्य. तुरीची डाळ नाही, जखम पिकते. उडीद नाही, वांगं नाही, वातूळ. अंड्याचं तर नावच नाही. शेंगदाणा नाही, खोकला धरतो. दही नाही, थंडी भरते. मग राहिलं काय? तांदळाची पेज! सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन यायच्या, समोर बसायच्या, संपेपर्यंत उठायच्या नाहीत. चिमीची वेणी घालून द्यायच्या. मी दवाखान्यात गेले की चिमी त्यांच्याचकडे राहायची.

हेच पथ्य तुलाही होतं, माय. आत्याबाईंनी सांगितलं आणि मी पाळून घेतलं.

तू पाच महिने माझ्याकडे होतीस. एक दिवस म्हणालीस, "जराशी उडदाची डाळ कर वं. आन कळण्याची भाकर, उडीद-ज्वारीची. दोन घास खाते." मी म्हटलं, बरी हो, मग परातभर करते. दुसऱ्या दिवशी परत तेच म्हणालीस. तिसऱ्या दिवशी मी चिडले, म्हटलं, लहान आहेस का हट्ट करायला?

आणि तो शेंगदाण्यांचा दिवस! मी पाणी भरून आले तर तू डब्याशी बसलेली. मूठ घट्ट मिटलेली. मी विचारलं काय आहे, तर मान हलवलीस. मी तुझी बोटं एकेक करून उघडली. किती बारीक झाली होती तुझी बोटं, जोरही लावावा लागला नाही. आठ-दहा दाणे होते. ते मी डब्यात परत टाकले. तू हसलीस आणि शेजारणीला म्हणालीस, "मन्ही पोर पोलीस व्हई गई." ती पण हसली, मीही हसले. मला वाटत होतं मी तुला वाचवतेय!

मग दादा तुला दिवाळीला गावी घेऊन गेला आणि तू परत आलीच नाहीस.

आता पुढचं ऐक. मला सहा डोस लिहून दिलेत, सलाईनमधून देतात ते. केस गेले, तोंड आलं, घास तोंडात घेतला की लोखंड चाटल्यासारखं लागतं. चार झाले. पाचव्याला गेले तर रक्त तपासून परत पाठवलं. म्हणे रक्त फार कमी आहे, या अंगाला औषध झेपणार नाही, तीन आठवड्यांनी या. मी बाहेर बाकड्यावर रडत बसले. डोस चुकला म्हणजे काय होईल? चिमीला कोण?

तिथली मोठी सिस्टर आली. गुजराती बाई, जाड भिंगाचा चष्मा. म्हणाली, "शुं खाओ छो, बेन?"

मी म्हटलं, पेज.

"बीजुं?"

पेजच.

कपाळाला हात लावला तिने. "पेजथी लोही थाय? पेजेने कुठे रक्त वाढतं? डाळ खा, मूग खा, मेथी-पालक खा, अंडं चालत असेल तर उकडून खा. कोणे ना पाडी?"

कोणी मनाई केली? मी तिला आत्याबाईंचं नाव सांगितलं नाही. तुझीच गोष्ट सांगितली. म्हटलं, सिस्टर, माझ्या मायला मी पाच महिने पेजेवर ठेवलं. खाऊ घातलं असतं तर वाचली असती का?

तिने चष्मा पुसला. मग मोडक्या मराठीत म्हणाली, "ते मला नाय माहीत, बेन. खाऊन हा रोग जात नाय. पण उपाशी माणसाला दवा सहन नाय होत. आणि तुझ्या मायने मागितलं ते दिलं असतं तर..." आणि थांबली. कुणीतरी हाक मारली म्हणून गेली. पुढचं काय म्हणणार होती ती? घरी येईपर्यंत मी तेच जोडत राहिले.

त्या दिवसापासून चोरून शिजवायला लागले. आत्याबाई सकाळचा डबा देऊन, "संपव बरं" म्हणून जायच्या. मी पेज गाईला घालायची, दार लावायची आणि स्टोव्ह पेटवायची. स्वतःच्याच घरात चोर! पहिल्या दिवशी तुरीच्या डाळीचा कुकर ठेवला तर वासानेच उलटी झाली. दुसऱ्या दिवशी फोडणीच नाही घातली, नुसती डाळ घोटून मीठ आणि लिंबू. लिंबाने तोंडातलं लोखंड जरा कमी होतं, माय. चार घास गेले. मग दोन तासांनी परत चार. सिस्टरने सांगितलंय, एकदम नको, थोडं थोडं, ताजं करून, पाणी उकळून. तिखट सोसत नाही म्हणून मिरची बंद. मेथी बारीक चिरून मुगाच्या डाळीत टाकते. अंडं यांना आणायला सांगितलं. यांनी विचारलं नाही कशाला, खिशातून कागदात गुंडाळून आणलं. दुसऱ्या दिवशी न सांगता परत आणलं.

भाकरीची मात्र फजिती! डावा हात खांद्याच्या वर जात नाही, आणि त्या हाताला चटका बसू द्यायचा नाही असं बजावलंय. उजव्या एका हाताने थापते. अशी वाकडीतिकडी होते की चिमी म्हणते, "मम्मी, आ तो कुतरो छे!" मग कुत्र्याचा कान तिला, शेपूट मला. दूध घालून कुस्करून खाते मी. तू बघितलं असतंस तर म्हणाली असतीस, सासरी हेच शिकलीस का?

मागच्या आठवड्यात मला लसणाची आठवण झाली. वास सोसायला लागला होता. दोन पाकळ्या ठेचून डाळीला फोडणी दिली. इतक्या महिन्यांनी घरात फोडणी! मी डोळे मिटून वास घेत होते, तेवढ्यात दार वाजलं. आत्याबाई.

आल्या, नाक वर करून उभ्या राहिल्या. पातेल्यावरचं झाकण उघडलं.

"तूर!" म्हणाल्या. "टाके पिकवायचे का तुला? आन माझी पेज कुठंय?"

"टाके कधीच वाळले, आत्याबाई. दवाखान्यात सांगितलंय खायला."

"दवाखाना कालचा. मी चाळीस वर्षं पथ्य सांगते. मी काय इख घालते का तुला?"

त्यांनी पातेलं उचललं. बाहेर ओतायलाच निघाल्या होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी माय तुमच्या पेजेवरच गेली!"

पातेलं खाली ठेवलं त्यांनी. चिमीच्या डोक्यावरून हात फिरवला, रिकामा डबा घेतला आणि गेल्या. तेव्हापासून आल्या नाहीत.

मी खोटं बोलले ना, माय? त्यांच्या एकट्यांची पेज कुठे होती? भरवत तर मी होते. दाणे मी काढून घेतले. स्वतःला म्हणायचं ते मी त्यांना म्हटलं. त्यांनी थंडी-ऊन न बघता चार-पाच महिने डबा आणला. गल्लीत दुसऱ्या कुणी माझ्या उंबऱ्यावर पाऊल तरी ठेवलं का?

एकदा वाटलं, जावं, पाय धरावे आणि म्हणावं, आणा तुमची पेज. समोर कुणी बसलेलं तरी असेल. ताटात डाळ आहे, भाजी आहे, पण समोर भिंत. घास फिरतो तोंडात. तुला कसं वाटायचं गं, आम्ही सगळे पलीकडे भरीत-भाकरी खायचो आणि तू कोपऱ्यात वाटी घेऊन बसायचीस तेव्हा?

पण पेज आता पिणार नाही. उद्या परत रक्त बघणार आहेत. वाढलं असेल तर पाचवा डोस, नसेल तर काय ते माहीत नाही. हे सुट्टी मिळत नाही म्हणाले. चिमीला सोबत नेते. सलाईन चालू असताना ती कुठे बसेल, कुणाचं बोट धरेल, हाच विचार सकाळपासून डोक्यात आहे. पाय गार पडलेत, माय. या उकाड्यात!

मघाशी चिमीला घेऊन आत्याबाईंच्या दारापर्यंत गेले होते. दार उघडं होतं. त्या पाठमोऱ्या बसून तांदूळ निवडत होत्या. उंबऱ्याशी चप्पल काढली, पुन्हा घातली. परत आले. चिमी म्हणाली, "आजी आपल्यावर रुसली?" मी म्हटलं, नाही, मम्मी चुकली.

आता वरणाचा कुकर लावलाय. चार वाजत आलेत आणि मला भूक लागलीय. खरी भूक, पोटातून. कितीतरी महिन्यांनी.

उद्या रक्त वाढलेलं निघो न निघो, दवाखान्यातून आले की आत्याबाईंच्या घरात जाईन. दारातून परत येणार नाही. सांगेन की माझ्या मायला उपाशी ठेवलं ते मी, आणि मलाही माहीत नव्हतं, तुम्हालाही नव्हतं. त्या आल्या तर त्यांच्यासमोर डाळ-भाकर खाईन, रागावल्या तरी खाईन. नाहीच आल्या तर एकटी बसून खाईन. ताट अर्धं टाकणार नाही. हे मी तुला वचन देते, माय. तू मागत होतीस तेव्हा दिलं नाही, आता तुझी लेक मागतेय, तिला नाही म्हणणार नाही.

तुझी,
सुमन