मशीन थांबवायचं राहिलं

लाडक्या चिमणीस,

शिलाई मशीनची ती खडखड अजून कानांत आहे. तिच्या ठेक्यावर तू शाळेतल्या कविता म्हणायचीस आणि मी मान डोलवायचो. मोठी झाल्यावर तू स्वतःची कविता घेऊन आलीस, तेव्हाही मी मान डोलवलीच, पायडलवरचा पाय काही काढला नाही.

"आजोबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय गं. हात गुंतलेत, कान रिकामेच आहेत."

खोटं बोललो, बाळा.

आपल्यासारखा नसेल तो शत्रू, असं मानणाऱ्या त्या टोळीत तू निघून गेलीस. पोलिसांनी तुझे जुने मेसेज दाखवले. मला वाटलं, सगळा द्वेषच असेल. पण तो फार नंतर आला. पहिले तीन महिने त्या टोळीतली एक अनोळखी ताई तुला एवढंच विचारत होती, 'जेवलीस का? आज काय लिहिलंस?' तुझी कविता तिला पाठ होती. मला एक ओळही आठवत नाही.

आणि जाताना नेलेली ती खूप कप्प्यांची पिशवी मीच हौसेने शिवून दिली. कुठे निघालीस, एवढंही विचारलं नाही.

परत ये. आधी ती कविता म्हण, मग बाकीचं बोलू. तुझा पत्ता नाही, तोवर हे पत्र मशीनच्या खणात राहील.

थांब, दार वाजलं.

तुझी वर्गमैत्रीण आलीय, हातात फोन घट्ट धरून. म्हणते, "आजोबा, ती ताई आता मला मेसेज करते. फार गोड बोलते हो. तुम्हाला वेळ आहे का?"

मशीनचा पट्टाच काढून ठेवलाय. तिला समोर बसवलंय.

तुझा,
आजोबा