पायानं ओळखलेली नदी

प्रिय आर्सिंग,

आपण नाववाले. नदीच्या जिवावर गावातली हॉटेलं चालतात, पण नदीचं काही ठरवायचं झालं की आपल्यालाच कुणी विचारत नाही. आता घळीतले मोठे दगड सुरुंगानं फोडून धबधब्यापर्यंत मोटरबोट न्यायचं नगरपालिकेच्या मनात आहे. पर्यटक वाढतील म्हणे.

अरे, पर्यटक येतो तो त्या दगडांसाठीच. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधे जेमतेम नावेएवढं पाणी, मागे वल्ह्यावर मी आणि पुढे बसलेला तू. एक पाय बाहेर काढून दगडाला लाथ द्यायचास, की नाव प्रवाहाच्या नाकावर टिच्चून वर चढायची. सेबू बेटावरून आलेली ती बाई आठवते? म्हणाली, "माझ्या नवऱ्याला स्वतःला जिना चढवत नाही, तुम्ही मला नदी चढवताय." तू म्हणालास, "पुढच्या वेळी त्यांना माझ्या जागी बसवा, चांगले सरळ होतील." वाटभर हसणारी ती बाई धबधब्याखाली मात्र गप्प झाली. एकेक खळाळ चढून आलेल्यालाच ते गप्प होणं मिळतं. मोटरीतून पाच मिनिटांत गेलेल्याला नुसतं पाणी पडताना दिसेल.

तुझी आई बरी आहे. मनिलात मॉलच्या दारावर पहारा देताना तुझे पाय सुजतात, हे तिच्याकडूनच कळलं. मला म्हणाली, "बास्ते, तुझं भाषण ऐकता ऐकता माझा भात करपला. माझ्या पोराशी दोन शब्द बोलायला मात्र तुझी जीभ उचलत नाही."

खरं आहे. पूर ओसरला की मागच्या वल्हेकऱ्यानं घळीतून चालत जायचं, सरकलेले दगड बघायचे आणि पुढच्याला सांगायचे, ही आपली रीत. त्या सकाळी मी गेलोच नाही. चौकात भाषण करत होतो. तुला म्हणालो, सगळं जागेवर आहे. तू नेहमीच्या दगडाला लाथ मारलीस आणि दगड तिथं नव्हता. नाव उलटली, प्रवासी कसेबसे वाचले. आपल्या नाववाल्यांच्या संघाच्या चौकशीत मी म्हणालो, आर्सिंगचा पाय चुकला. संघानं तुझी नावेतली जागा काढून घेतली आणि तुला मनिला गाठावं लागलं.

तुझा पाय चुकला नव्हता. काल हे मी संघाच्या सभेत सगळ्यांसमोर सांगितलं, लिहूनही दिलं. तुझी जागा तुला परत मिळाली आहे. शनिवारी नगरपालिकेचे सभासद निर्णयाआधी एकदा वल्ह्याच्या नावेतून वर येणार आहेत. माझी भाषणं त्यांनी पुष्कळ ऐकली, त्यांना तुझं काम बघू दे. परवाच पूर ओसरलाय. दगड मी पाहून आलोय, पण माझ्या शब्दावर नावेत बसू नकोस. आपण दोघं मिळून घळ चालून बघू. शुक्रवारच्या पहिल्या बसनं ये.

तुझाच, मागच्या वल्ह्यावरचा,
बास्ते